सत्कार्यासाठी मॅरेथॉन: सराव टिकतो कशावर?

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची धाव. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे अंतर पहिल्यांदा धावले गेले आणि १९२१ मध्ये ते अधिकृत ठरले. नोकरी आणि घर सांभाळून ते धावू पाहणाऱ्याला चार ते सहा महिन्यांचा सराव लागतो. ही धाव एखाद्या संस्थेच्या मदतीसाठी असेल, तर नातेवाईक, मित्र आणि सहकारी यांच्याकडून देणग्या गोळा करण्याचे कामही जोडीला येते. शर्यत एका दिवसात उरकते. माणसे गळतात ती त्याआधीच्या महिन्यांत. नाव नोंदवायला चांगल्या कामाची ओढ पुरते. सरावाच्या पन्नासाव्या पहाटे अंथरूण सोडायला मात्र ती एकटी पुरत नाही. तिथे उपयोगी पडते ती आधीच करून ठेवलेली व्यवस्था.

देणगी आणि धाव यांची सांगड

लांब पल्ल्याची धाव आणि लोकवर्गणी यांचे नाते जगाच्या मनावर ठसवले ते कॅनडाच्या टेरी फॉक्सने. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. कर्करोगावरील संशोधनासाठी पैसे उभे करायचे म्हणून १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायाने देशाच्या पूर्व टोकापासून धावायला निघाला. रोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतके अंतर तो कापत असे. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि कर्करोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २.४ कोटी होती. माणशी एक डॉलर मिळावा ही त्याची इच्छा होती, आणि जून १९८१ मध्ये त्याचे निधन होण्याआधीच तेवढी रक्कम जमली. या धावेमागची तयारी त्या मानाने कमी लोकांना माहीत असते. अर्ध्या मैलापासून सुरुवात करून त्याने वर्षभराहून अधिक काळ सराव केला होता आणि त्या सरावातच पाच हजारांवर किलोमीटर अंतर पार केले होते.

१९८१ मध्ये लंडन मॅरेथॉन सुरू झाली आणि पुढे देणग्या गोळा करणाऱ्या धावपटूंची ती सर्वांत मोठी जत्रा बनली. तिथे अनेक संस्था शर्यतीतल्या काही जागा विकत घेतात आणि ठरावीक रक्कम जमवण्याची हमी देणाऱ्या धावपटूंना त्या देतात. अमेरिकेत १९८८ मध्ये रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेसाठी ३८ जणांचा एक गट न्यूयॉर्क मॅरेथॉन धावला आणि त्याने ३ लाख २२ हजार डॉलर जमवले. त्या गटाचा पायंडा पुढे देशभर पसरला. धावणाऱ्याने निधी जमवायचा आणि संस्थेने त्याला प्रशिक्षक, सरावाचा तक्ता आणि सोबती द्यायचे, असा हा सौदा होता. नवख्या माणसाला नुसते आवाहन करून भागत नाही, त्याच्या सरावाचीही सोय लावावी लागते, हे त्यात ओळखले गेले.

फौजासिंग यांचे उदाहरण याच अंगाने पाहण्यासारखे आहे. पंजाबात शेती केलेले हे गृहस्थ मुलाच्या मृत्यूनंतर लंडनमध्ये उतारवयात धावू लागले. २००० साली, पासपोर्टप्रमाणे वयाच्या ८९ व्या वर्षी, ते पहिली मॅरेथॉन धावले ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीसाठी. दुःख होते आणि कार्यही होते. पण सराव करून घेणारा प्रशिक्षक मिळाला तेव्हाच त्यातून मॅरेथॉन घडली.

मुंबईतली रीत

महाराष्ट्रात या प्रकाराचा मोठा मेळा भरतो तो मुंबई मॅरेथॉनमध्ये. फेब्रुवारी २००४ मध्ये ती पहिल्यांदा झाली. नंतर जानेवारीतला तिसरा रविवार हा तिचा ठरलेला दिवस झाला. पूर्ण आणि अर्ध मॅरेथॉन, दहा किलोमीटर आणि सुमारे सहा किलोमीटरची ड्रीम रन अशा तिच्या शर्यती आहेत. ड्रीम रनमध्ये संस्थांचे फलक, सोंगे आणि घोषणा यांची रेलचेल असते. देणग्यांचे काम युनायटेड वे मुंबई या संस्थेमार्फत चालते. धावणारा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांपैकी एक निवडतो, ऑनलाइन पान तयार करतो आणि ओळखीपाळखीच्यांना देणगीसाठी विनंती करतो. सर्वसाधारण नोंदणी भरल्यावरही काही प्रवेश संस्थांमार्फत ठरावीक देणगीवर मिळतात. धावपटू त्यांना ‘चॅरिटी बिब’ म्हणतात.

शर्यत जानेवारीत असल्यामुळे सरावाचे वेळापत्रक हवामानाशी झगडत पुढे सरकते. सुरुवात पावसात होते, मधला टप्पा ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि सणांच्या दिवसांत येतो, तर सर्वांत लांब धावा थंडीत पडतात. चिकाटीची परीक्षा कुठे होणार हे त्यामुळे बरेचसे आधीच सांगता येते.

उत्साह कुठे ओसरतो?

हौशी धावपटूचा तक्ता साधारण १६ ते २० आठवड्यांचा असतो. आठवड्यातून चार दिवस धावायचे: दोन दिवस सावकाश, एक दिवस थोडे वेगात आणि रविवारी ‘लाँग रन’. ही रविवारची धाव आठवड्याला दीड-दोन किलोमीटरने वाढत जाते, दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी केली जाते, ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत पोहोचते आणि शर्यतीआधी दोन-तीन आठवडे पुन्हा उतरते.

पहिली ओहोटी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागते. नव्याची नवलाई संपलेली असते आणि फरक अजून डोळ्यांत भरत नसतो. दम लवकर सुधारतो, पण हाडे आणि स्नायूबंध त्या वेगाने तयार होत नाहीत. पोटऱ्या आणि नडग्या कुरकुरत राहतात. त्यात पावसाळा. ओले बूट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रात्रभर पंख्याखाली ठेवले तरी सकाळी आत गारवा जाणवतो, आणि तेवढे कारण गजर बंद करायला पुरते. बुटांचा दुसरा जोड हा इथे शरीरापेक्षा मनावरचा इलाज ठरतो.

दुसरी ओहोटी ऑक्टोबरमध्ये. दमट उकाड्यात त्याच श्रमांत वेग कमी पडतो, कारण शरीर थंड ठेवण्यासाठी रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो. घड्याळातला आकडा पाहून माणसाला वाटते, इतक्या दिवसांचे कष्ट वाया गेले. प्रत्यक्षात तयारी वाढत असते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या गारव्यात ती वेगात दिसू लागते. उकाड्याच्या दिवसांत वेग न पाहता वेळ आणि श्रम पाहावेत. धावताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर श्रम योग्य आहेत, एवढी साधी कसोटी चालते.

तिसरी ओहोटी पहिल्या २५-२८ किलोमीटरच्या धावेनंतर येते. एवढ्यातच हे हाल झाले, मग बेचाळीसचे काय, ही धास्ती त्या दुपारी प्रत्येकाला घेरते. नुकताच थकलेला माणूस पुढच्या पल्ल्याचा अंदाज नेहमी चढा बांधतो. म्हणून लाँग रनच्या दिवशी कोणताही निर्णय घेऊ नये, असे अनुभवी धावपटू नवख्यांना बजावतात.

निर्णय आदल्या रात्री

पहाटे पाच वाजता स्वतःशी वाद घालणारा माणूस बहुतेक वेळा हरतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की ‘मी व्यायाम करीन’ असा मोघम संकल्प आणि ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक घडले की मी हे करीन’ असा नेमका बेत यांत मोठा फरक असतो. नेमका बेत तडीस जाण्याची शक्यता बरीच जास्त असते, कारण ऐनवेळी ठरवण्यासारखे काही उरत नाही.

धावणाऱ्याच्या घरात याचे रूप साधे असते. बुधवारी साडेपाचला गजर वाजला की आधी तोंडावर पाणी, मग बूट. कपडे आदल्या रात्री खुर्चीवर. जोराचा पाऊस असेल तर इमारतीचे जिने, अर्धा तास. आदल्या रात्री ऑफिसातून यायला उशीर झाला तर बुधवारची धाव गुरुवारी, पण शुक्रवारी नाही. अशी ‘जर-तर’ची तीन-चार वाक्ये सुरुवातीलाच लिहून फ्रिजवर लावली तर महिनाभराने त्यांची किंमत कळते. घरातल्यांनीही ती वाचलेली असावीत. रविवारी सकाळी चार तास बाहेर राहणाऱ्या माणसाचे डबे, मुले आणि भाजीबाजार कुणाला तरी सांभाळावे लागतात, आणि ही वाटणी आधी ठरली नसेल तर सराव घरातल्या कुरबुरींपायीच बंद पडतो. बाईच्या बाबतीत यात अंधारात एकटे धावण्याचा प्रश्नही मिसळतो. वेळ, वाट आणि सोबत यांची नेमकी आखणी तिला अधिकच लागते.

सवय लागेपर्यंत हे ओढून न्यावे लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला. कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे त्यात आढळले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला आठ महिन्यांहून जास्त लागतील असा हिशेब निघाला. पाणी पिण्यासारख्या सवयींपेक्षा व्यायामाला अधिक काळ लागला. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही, हा त्यातला दिलासा देणारा निष्कर्ष. एक धाव हुकली म्हणून ती दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढण्याची गरज नसते. तसे केल्याने दुखापत मात्र ओढवते.

आकड्यांचे बळ आणि त्यांचा फास

ध्येय नेमके असले की माणूस अधिक नेटाने काम करतो, हे एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या अनेक दशकांच्या संशोधनाचे सार आहे. मॅरेथॉनमध्ये ते उघड दिसते. अर्थशास्त्रज्ञांनी जवळजवळ एक कोटी मॅरेथॉन धावांच्या वेळा तपासल्या, तेव्हा तीन तास, चार तास अशा गोल आकड्यांच्या अगदी अलीकडे शर्यत संपवणाऱ्यांची गर्दी आढळली. आकडा समोर दिसला की दमलेली माणसेही शेवटी जोर काढतात.

पण एकाच आकड्यावर सगळे लावले आणि तो हातचा निसटू लागला, तर मन सरावातूनही उठते. म्हणून ध्येय थरांनी ठरवावे. सगळे जुळून आले तर अमुक वेळ. दिवस साधारण असला तर त्याहून अर्धा तास जास्त. काहीच जुळले नाही तर सुखरूप शेवटची रेषा. शिवाय अंतिम दिवस पाच महिने दूर असताना मधले टप्पे लागतात. पावसाळा सरताना होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वर घाटाच्या चढामुळे अनेकांना असा टप्पा म्हणून उपयोगी पडते. जवळची दहा किलोमीटरची शर्यतही तेच काम करते. वहीत लिहिलेली रोजची नोंद हा सर्वांत स्वस्त टप्पा: अंतर, वेळ, झोप आणि कसे वाटले याबद्दल एक ओळ. निरुत्साहाच्या दिवशी मागची पाने चाळली की दोन महिन्यांपूर्वी पाच किलोमीटरला लागलेली धाप आठवते.

सोबतीचा परिणाम

जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो क्योलर यांनी १९२० च्या दशकात नावाड्यांच्या क्लबात प्रयोग केले. एकट्याने वजन उचलत राहण्यापेक्षा, आपण सोडले तर जोडीदाराचाही डाव संपणार अशी स्थिती असली, तर दोघांतला दुबळा गडी जास्त वेळ तग धरतो, असे त्यांना दिसले. फार मोठी तफावत असेल तर हा परिणाम ओसरतो. जोडीदार थोडाच सरस असावा लागतो.

मुंबईत मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क किंवा बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, पुण्यात विद्यापीठाचा परिसर, अशा ठिकाणी रविवारी उजाडण्याआधी जमणारे गट हेच सूत्र वापरतात. भिशीचा हप्ता जसा चारचौघांच्या नजरेमुळे वेळेवर भरला जातो, तशी इथली हजेरी लागते. ‘काल दिसला नाहीस’ एवढा व्हॉट्सअॅपवरचा निरोप पुष्कळ काम करतो. गटाचे फायदे व्यावहारिकही असतात: पाण्याच्या बाटल्या, खजूर आणि चिक्की कुणाच्या तरी स्कूटरच्या डिकीत ठेवलेली असते, आणि गप्पांच्या नादात वीस किलोमीटर निघून जातात.

गटाचा धोका म्हणजे वेग. पुढच्यांच्या मागे फरफटत गेलेला नवखा माणूस सावकाश धावायच्या दिवशी शर्यत धावतो आणि आठवडाभर पाय धरून बसतो. म्हणून सर्वांत वेगवान गटापेक्षा आपल्या वेगाचा गट निवडणे शहाणपणाचे.

कार्याशी असलेले नाते

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार चिकाटी तीन गोष्टींवर पोसली जाते: निवड आपली आहे ही जाणीव, आपल्याला जमते आहे हा अनुभव आणि माणसांशी जोडलेपण. कंपनीने नेमून दिलेल्या संस्थेसाठी, साहेबांच्या आग्रहाखातर धावणाऱ्याला यातली पहिलीच गोष्ट मिळत नाही. दडपणाने किंवा अपराधीपणाने सुरू झालेला सराव फार काळ चालत नाही.

म्हणून संस्था स्वतः निवडावी आणि सरावाच्या काळात एकदा तरी तिथे जाऊन यावे. डायलिसिस केंद्र असेल तर एका रुग्णाला आठवड्यातून किती वेळा यावे लागते, वसतिगृह असेल तर एका मुलीचा वर्षाचा खर्च किती, हे प्रत्यक्ष कळले की ‘समाजकार्य’ हा मोघम शब्द मागे पडतो. धावणाऱ्याला तेव्हा डोळ्यांपुढे माणूस दिसतो.

पैसे मागण्याचा सराव

अनेकांना ३० किलोमीटर धावण्यापेक्षा पैसे मागणे जड जाते. या संकोचावर संशोधनाने काही उजेड टाकला आहे. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डर शफीर यांनी २०१३ मध्ये दाखवले, की देणगी मिळवण्याचा मार्ग कष्टाचा असेल तर लोक सुखाच्या कार्यक्रमापेक्षा अधिक द्यायला तयार होतात. तुलना होती धर्मादाय धाव आणि धर्मादाय सहल यांची. कष्ट दिसले पाहिजेत, हा त्यातून निघणारा धडा. ‘काल पावसात १८ किलोमीटर झाले, अजून दहा आठवडे आहेत’ असा निरोप नुसत्या लिंकपेक्षा लोकांना जवळचा वाटतो, आणि पाठवणाऱ्यालाही पुढच्या रविवारी बांधून ठेवतो.

लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंची २०१० सालची ऑनलाइन पाने तपासणाऱ्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांना आढळले, की आधी दिसणाऱ्या रकमा मोठ्या असतील तर नंतरचे देणगीदारही आपली रक्कम वाढवतात. त्यामुळे सुरुवात जवळच्या आणि सढळ हाताच्या माणसांपासून करणे फायद्याचे. संस्थेच्या एकूण आकडेवारीपेक्षा एका व्यक्तीची गोष्ट लोकांचा हात जास्त सैल करते, हेही अनेक प्रयोगांत दिसले आहे. आणखी एक शोध धावपटूने स्वतःसाठी लक्षात ठेवावा. इस्रायलमध्ये घरोघर देणग्या गोळा करणाऱ्या शाळकरी मुलांवर उरी नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी प्रयोग केला. जमलेल्या रकमेच्या एक टक्का मोबदला मिळणाऱ्या मुलांनी फुकट काम करणाऱ्यांपेक्षा कमी पैसे जमवले. चांगल्या कामाला किरकोळ बक्षिसाची जोड दिली की मूळ ओढ पातळ होऊ शकते.

व्यवहाराच्या बाजूने, संस्थेकडे ८० जी प्रमाणपत्र असल्यास जुन्या करप्रणालीतील देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळते, मात्र दोन हजारांवरच्या रोख देणगीवर नाही. परदेशातल्या पैशासाठी संस्थेची परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी हवी; परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आप्तांना विचारण्याआधी ते पाहून घ्यावे.

थांबण्याचा निर्णय

दिलेला शब्द ही ताकद आहे तशीच ती अडचणही होते. एवढ्या लोकांनी पैसे दिले, आता माघार कशी घ्यायची, या विचाराने माणसे दुखरा पाय रेटतात. धावताना वाढत जाणारे, हाडाच्या एकाच बिंदूवर दाबल्यावर कळणारे दुखणे हे हाडाला गेलेल्या सूक्ष्म तड्याचे लक्षण असू शकते. तिथे विश्रांती आणि डॉक्टर यांना पर्याय नाही. छातीत दुखणे, चक्कर येणे यांचेही तेच. अशा वेळी देणगीदारांना सरळ कळवावे. बहुतेकांनी पैसे संस्थेला दिलेले असतात, शर्यतीच्या निकालाला नव्हे. पूर्णऐवजी अर्ध मॅरेथॉन किंवा पुढच्या वर्षीची धाव हाही शब्द पाळण्याचाच मार्ग आहे.

शेवटचे आठवडे आणि शर्यत

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर घटवले की विचित्र बेचैनी येते. ताकद चालली असे वाटते आणि मन एखादी जादा धाव मागते. ती घेऊ नये. या काळात शरीर साठलेला शीण भरून काढत असते. मोकळा झालेला वेळ देणग्यांच्या शेवटच्या फेरीसाठी वापरता येतो.

शर्यतीत खरी कसोटी तिसाव्या किलोमीटरनंतर लागते. साठ किलो वजनाच्या माणसाला पूर्ण पल्ल्यासाठी साधारण २,५०० किलोकॅलरी लागतात, तर स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर सुमारे २,००० किलोकॅलरींची असते. ती संपत आली की पाय शिशाचे होतात आणि मनही खचते. मुंबईच्या धावपटूंनी पेडर रोडच्या चढाचा वर्षानुवर्षे धसका घेतला तो त्यासाठीच: परतीच्या वाटेवर, पस्तिशी ओलांडल्यावर तो समोर येई. सुरुवातीचा वेग आवरणे आणि वाटेत थोडे-थोडे खात राहणे हा यावरचा अर्धा उपाय. उरलेला अर्धा म्हणजे उरलेल्या अंतराचे तुकडे पाडणे. पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंत, पुढच्या सिग्नलपर्यंत. काही जण शेवटच्या दहा किलोमीटरांपैकी प्रत्येक किलोमीटर एकेका देणगीदाराच्या किंवा संस्थेतल्या मुलाच्या नावाने धावतात.

शर्यतीनंतर आठवडाभरात देणगीदारांना जमलेली रक्कम, तिचा विनियोग आणि आभार कळवले की हे काम पुरे होते. त्यानंतर दोन-तीन आठवडे हलकी हालचाल पुरे. महिनोन्महिने बांधलेला दिनक्रम अचानक सुटल्यामुळे या दिवसांत अनेकांना उदास वाटते. गटाची रविवारची भेट चालू ठेवणे आणि संस्थेशी वर्षभर संबंध राखणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. पुढच्या वर्षीच्या सरावाची निम्मी व्यवस्था त्यातच होऊन जाते.